आठवड्याला बारा वचनं

आजीची वही माझ्या हाती आली तेव्हा ती आधी दोन दिवस उन्हात ठेवावी लागली. पत्र्याच्या पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळलेली असूनही तिला कसर लागलीच होती. लाल कापडी बांधणीची, उभट, वाणी उधारी मांडतात तसली वही. पानोपानी आजीनं पट्टीनं चार रकाने आखलेत: तारीख, पाठ, हजेरी, दान. एक ओळ नमुन्याला देते. ‘मार्क २, १ ते १२. हजेरी २३. दान ५ आणे, ज्वारी दीड शेर.’

ज्वारी म्हणजे मुष्टिफंड. बाई भाकरी थापायला बसली की पिठाआधी एक मूठ ज्वारी वेगळ्या गाडग्यात टाकायची आणि आठवड्याचं गाडगं रविवारी वर्गात आणून ओतायची. ज्या घरात आणा दिसायची मारामार, त्या घरातून देवाला दान जायचं ते असं. आजी ती ज्वारी मापून लिहायची. दीड शेर म्हणजे दीड शेर, छटाकभरसुद्धा वर नाही.

मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. हजेरीपट माझ्या हाताखालून इतके गेलेत की हजेरी बघून मला आठवड्याचं हवामान सांगता येतं. जूनअखेर आकडा नऊ-दहावर येतो, पेरणी. पौष-माघात पुन्हा घसरतो, शाळूची काढणी. एका रविवारी नुसतं ‘० (जत्रा)’. तेव्हाचे तेवीस म्हणजे गावात सगळे आहेत, कुणी आजारी नाही आणि कुणाकडे रात्रीची वेठ नाही.

मराठी ख्रिस्ती माणसांच्या इतिहासाची पुस्तकं मी बरीच वाचली. त्यांत माणसं एकटी बसून वाचतात. १८९३ साली ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले, आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला, आणि मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले ते थांबलेच. दीड-दोन वर्षांत, फेब्रुवारी १८९५ मध्ये, त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाबा पदमनजी वाचतात, वाद घालतात, पुन्हा वाचतात. काशीला नीळकंठशास्त्री गोरे ख्रिस्ती मताचं खंडन करायला म्हणून पुस्तकं हाती घेतात आणि स्वतःच त्यात गुंततात. सगळी शिकलेली माणसं, बहुतेक ब्राह्मण नाहीतर त्यांच्या बरोबरीनं शिकलेली. त्यांनी शुभवर्तमान वाचलं आणि आपण ते कसं वाचलं हेही लिहून ठेवलं. आमच्या लोकांनी ते ऐकलं. आठवड्याला चार घास, पुढचे चार घास पुढच्या आठवड्याला. त्याचं लेखन म्हणाल तर अशा वह्या, त्याही बहुतेक बंबात गेल्या असणार.

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं. नेवासे म्हटलं की मराठी माणसाला पैसाचा खांब आठवतो, ज्ञानेश्वरी आठवते, शके १२१२. आमच्या गावातही चातुर्मासात पोथी लागायची, हरिविजय नाहीतर पांडवप्रताप, रोज एक अध्याय. वाचणारा एक, ऐकणारे पन्नास, अध्याय संपला की अर्थ आणि मग प्रसाद. पुस्तक तुकड्यातुकड्यानं, ठरल्या वेळी, मिळून ऐकायची ही रीत आमच्या भागाला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नव्हती. फक्त ती पोथी देवळात लागायची आणि आमची वस्ती गावकुसाबाहेर. पणजीची सासू म्हणे देवळामागच्या बोळात उभी राहून ऐकायची, वाऱ्याची दिशा बरी असली तर. रविवारच्या पाठाकडे आमची माणसं का वळली याची धर्मशास्त्रीय कारणं पुष्कळ सांगतात. मला हे कारण पुरतं: आपल्या वस्तीत, आपल्या ओट्यावर कुणी पुस्तक उघडून बसलं आहे आणि ‘या, पुढं बसा’ म्हणतं आहे.

मागचं थोडक्यात सांगते, कारण ते पुस्तकांतून मिळतं. मराठीत ख्रिस्ताची कथा लावून ऐकायची सुरुवात गोव्यातली. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तिथं नव्हते. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, आणि चर्चमध्ये रविवारी, सणावारी त्यांचं वाचन. छापील मराठी शुभवर्तमान मात्र निघालं थेट बंगालात: १८०५ मध्ये श्रीरामपूरला केरीनं मत्तय छापला. त्याला मराठी शिकवणारे वैजनाथ पंडित सोबत होते, पण केरीनं स्वतः महाराष्ट्र कधी पाहिला नाही. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले, तीन-चार वर्षांत त्यांचा छापखाना सुरू झाला, आणि १८२६ मध्ये संपूर्ण नवा करार मराठीत बाहेर पडला. या छापखान्याचं आपल्यावरचं ऋण भलतीकडेच आहे. १८३१ मध्ये मराठी पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी तिथं काम शिकले, आणि निर्णयसागरचे जावजी दादाजी पोरवयात तिथंच टाइप घासायला होते. म्हणजे शुभवर्तमानासाठी केलेल्या खिळ्यांच्या उजेडात पुढं पंचांग आणि पोथ्या छापल्या गेल्या. आजीला ही गोष्ट सांगितली असती तर ती पोट धरून हसली असती.

डिसेंबर १८३१ मध्ये मिशन नगरला आलं. १८५७ च्या सुमारास सॅम्युएल फेअरबँक वडाळा बहिरोबाला राहायला आले, आमच्या गावापासून चालत जाण्याच्या टप्प्यात. पक्षी, झाडंझुडपं, शेती यांत त्या माणसाला भारी रस. वडाळ्याभोवतीच्या खेड्यांत एकेक मास्तर नेमला गेला. दिवसा पोरांची शाळा, रात्री बाप्यांना अक्षरओळख आणि रविवारी उपासना, तिन्ही कामं त्याच माणसाची, एकाच पगारात. पगार किती होता हे पुढं हेच काम करणारे आजोबा कधी सांगत नसत, आणि आजी विचारलं नाही तरी सांगायची.

आता रविवार. इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सनं १७८० मध्ये रविवारची शाळा काढली, कारण आठवडाभर राबणाऱ्या पोरांना तेवढाच दिवस मोकळा मिळायचा. पुढं ती कल्पना जगभर गेली. आमच्याकडे ती आली तेव्हा अडचण अशी की रविवार मोकळा नव्हताच. गावकीच्या कामाला वार नसतो. सांगावा आला की निघायचं, मेलेलं ढोर ओढायचं असो की पाटलाचं ओझं पोचवायचं असो. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून, नारायण मेघाजी लोखंड्यांनी सहा-सात वर्षं झगडून. त्यांनी मालकांपुढं जी कारणं मांडली त्यांत एक असं होतं की रविवार हा खंडोबाचा वार. हे वाचलं तेव्हा मला फार गंमत वाटली. आमच्या वस्तीत जेजुरीचा भंडारा लागलेली घरं होती आणि मिशनचीही होती. रविवार दोघांचा.

तर गिरणीत सुट्टी झाली तरी नेवाशात कोण देतो? शिवाय शेजारच्या गावचा बाजार नेमका रविवारचा. म्हणून आमचा पाठ रात्री. जेवणं उरकली की शाळेच्या ओट्यावर कंदील टांगला जायचा, आणि वस्तीतली माणसं एकेक करून येऊन बसायची. बायका घोंगडीच्या एका टोकाला, बाप्ये दुसऱ्या, पोरं कंदिलाखाली. मी लहान असताना तिथंच झोपून जायची. अर्धा मार्क मी झोपेत ऐकलेला आहे.

पाठ कुठला घ्यायचा हे आजीच्या मास्तरीणपणाच्या सुरुवातीला तिच्या हातात नव्हतं. १८७२ साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या अधिवेशनात ठरलं की सगळ्या रविवार-शाळांनी एका रविवारी एकच पाठ घ्यायचा. एक समिती पाठांची यादी करणार, सात वर्षांत बायबलाची फेरी पुरी होणार. १८७६ मध्ये अलाहाबादला हिंदुस्थानची संडे स्कूल युनियन निघाली. कल्पना मोठी सुंदर आहे, तिची मी थट्टा करणार नाही. शिकागोत आणि नेवाशात एकाच दिवशी तीच गोष्ट. आजीला त्याचा अभिमान होता. तिच्याकडे पाठांची तिमाही यायची आणि सोबत अमेरिकेतल्या पोरांनी वापरून झालेली रंगीत चित्रं. पाठीमागं पेन्सिलीनं कुण्या परक्या पोरानं काहीबाही गिरगटलेलं असायचं, ते आम्ही चित्रापेक्षा जास्त निरखून बघायचो.

त्या चित्रांनीच घोटाळा केला. पेरणाऱ्याचा दृष्टांत, मार्काचा चौथा अध्याय. चित्रात एक दाढीवाला माणूस खांद्याला झोळी अडकवून मूठमूठ बी हवेत उधळतो आहे. वर्गात आधी हसू पिकलं. मग एक म्हातारी, जिला आम्ही थोरली मावशी म्हणायचो, ती म्हणाली, “आवं मास्तरीणबाई, ह्याला पेरायला शिकवलं कुनी?” खरंच होतं. आमच्याकडे पेरायचं ते पाभरीनं. पुढं बैल, मागं बाई, तिची मूठ चाड्यावर, बी नळीतून थेट तासात. एक दाणा बाहेर पडला तर संध्याकाळपर्यंत बोलणी खाल्ली. मग बी वाटेवर पडेलच कसं? खडकावर पाभर कोण धरतो? आणि काट्यांत पेरणारा तो शेतकरी की जावई?

आजीची मोठी पंचाईत झाली असणार. तिमाहीत याचं उत्तर नव्हतं, कारण तिमाही लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडलाच नव्हता. आई सांगायची की आजी त्या रात्री एवढंच म्हणाली, “पुढल्या रविवारी.” आणि आठवडाभर ती ज्याला त्याला विचारत सुटली. कोथिंबीर कशी पेरता? मेथी? वाफ्यात फोकूनच ना? आणि फोकली की चार दाणे पाटात जातातच ना? पुढच्या रविवारी तिनं पेरणाऱ्याच्या हातात कोथिंबिरीचं बी दिलं. थोरल्या मावशीचं तेवढ्यानं समाधान झालं नाही, पण तिनं स्वतःच वाट काढली: “वाट शेतातूनच जाती की. नांगरून मोडली, पेरली, तरी मानसं पुन्यांदा तितूनच चालत्यात.” पुष्कळ वर्षांनी मी एका टीकेत वाचलं की पॅलेस्टाईनमध्ये आधी बी टाकून मग नांगरत असावेत, म्हणून तुडवलेल्या वाटेवरही बी पडायचं, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. थोरली मावशी तोवर वारली होती. नाहीतर जाऊन सांगितलं असतं.

वहीत १९५१ पासून एक बदल दिसतो. तोवर पाठ उड्या मारत जातात, आज उत्पत्ती, उद्या योहान, परवा एकदम प्रेषितांची कृत्यं. त्या साली आजीनं तिमाही बाजूला ठेवली आणि मार्क पहिल्या वचनापासून धरला, सरळ शेवटपर्यंत. परवानगी घेतली की नाही माहीत नाही. घेतली नसणार. कारण विचारलं तर म्हणायची, “भाकरी मधूनमधून तोडून खात नाहीत. काठापासनं खातात.” मार्कच का, तर तो सगळ्यांत लहान, सोळा अध्यायांचा. शिवाय मार्क धावतो. त्याच्या गोष्टीत प्रत्येक गोष्ट लागलीच घडते, माणूस लागलाच उठतो, लागलाच जातो. आम्हा पोरांना तिनं काम लावलं होतं, ‘लागलाच’ आला की टाळी. कीर्तनाच्या लयीला मार्क जितका बसतो तितका दुसरा कुणी बसत नाही, आणि नगरकडच्या लोकांना कीर्तन कळतं. १८६० च्या दशकातच तिथं ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं होतं, कृष्णराव सांगळ्यांसारख्या माणसांनी ते गावोगाव नेलं.

आठवड्याला बारा वचनं, जास्त नाही. आजी त्यांना कधी वचनं म्हणायची, कधी ओव्या. बाराच का, तर वर्गातल्या निम्म्या बायकांना वाचता येत नव्हतं आणि पुढच्या रविवारपर्यंत बारा तोंडी राहतात, तेरावं आलं की पहिलं गळतं, असा तिचा अनुभव. मी शिक्षिका म्हणून सांगते, यात काही खोटं नाही. पाठ ऐकल्यावर प्रत्येकीनं एक वचन उचलायचं. आठवडाभर जात्यावर, विहिरीवर, खुरपताना ते घोळवायचं. रविवारी क्रमानं म्हणायचं. एक बाई आली नाही की गोष्टीत भोक पडायचं आणि शेजारीण ते बुजवायची. त्यामुळे प्रत्येकीला आपलं आणि बाजूचीचं अशी दोन तरी यायचीच. मार्कात वचनं पावणेसातशेच्या आसपास. पेरणी-सुगीचे रविवार वजा जाता एक मार्क सव्वा वर्षात संपतो. वहीत तो पुन्हा पुन्हा सुरू झालेला आहे.

छापील भाषेचा त्रास मात्र होताच. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघांनी उचलून आणलेला माणूस आहे. आमच्या बायबलात त्याला ‘पक्षघाती’ म्हटलं आहे. वस्तीतल्या बायकांनी त्याचा अर्थ लावला तो असा की हा पाखरं मारणारा असणार, आणि म्हणूनच चौघांनी धरून आणला. आजीनं दुरुस्त केलं, “अंगावरून वारं गेलेला.” लागलीच सगळ्यांना कळलं, प्रत्येकीच्या नात्यात एक होताच. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्तिसदनात बसून हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं ते याच बायकांसाठी. त्यांनी स्वतः हिब्रू-ग्रीक शिकून घेतलं, मुलींना जुळणी शिकवली, छापखाना चालवला, आणि शेवटची मुद्रितं तपासून ५ एप्रिल १९२२ ला देह ठेवला. पुस्तक १९२४ मध्ये निघालं. इतका घाम गाळून झालेलं ते भाषांतर आमच्या ओट्यापर्यंत कधी पोचलं नाही, याची मला चुटपुट आहे. आजीनं आपलं रमाबाईपण स्वतःच केलं, दर रविवारी, तोंडी.

वहीतली एक नोंद मी फार वेळा उघडते. ‘मार्क ७, २४ ते ३०. हजेरी २९.’ दानाचा रकाना कोरा. पुढच्या रविवारी पुन्हा तोच पाठ, तीच वचनं. संपूर्ण वहीत तिनं एकच पाठ लागोपाठ दोनदा घेतला तो हा.

ती गोष्ट परक्या मुलखातल्या बाईची. तिची लेक आजारी आहे, ती येशूच्या पाया पडते, आणि त्याचं पहिलं उत्तर असं येतं की पोरांची भाकरी कुत्र्यांना घालणं बरं नव्हे. बाई मागं हटत नाही. ती म्हणते की पोरांच्या हातून सांडलेले तुकडे कुत्रीही खातातच. आणि लेक बरी होते. सगळ्या चर्चमध्ये यावर ‘विश्वासाची परीक्षा’ असं प्रवचन होतं. मीही पुष्कळ ऐकली.

आमच्या वस्तीतल्या वयस्कर माणसांनी येसकरपाळी केली होती. पाळी आली की संध्याकाळी हातात काठी आणि टोपलं घेऊन गावात दारोदार फिरायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहून हाळी द्यायची, वरून टाकलेली भाकरी झेलायची. तो वतनाचा हक्क होता, भीक नव्हती, हे ते आवर्जून सांगत. पण भाकरी टाकायचे ती टाकूनच, हातात नाही. आता या माणसांपुढं कंदिलाच्या उजेडात ही गोष्ट वाचायची. आई त्या रात्री तिथं होती. म्हणाली, वाचून झाल्यावर कुणी बोलेना. कंदिलाची वात फरफरत होती तेवढाच आवाज. मग थोरली मावशी म्हणाली, “बाई हुशार. आपुन इतकी वर्सं उंबऱ्याबाहेर हुबं ऱ्हायलो, पन असं उत्तर कदी सुचलं न्हाई.” आणि तिचा दीर, जो वर्गात क्वचित तोंड उघडायचा, तो म्हणाला, “सुचलं असतं तर भाकरी मिळाली नसती.”

आजीनं पुस्तक मिटलं. पुढच्या रविवारी तीच सात वचनं पुन्हा. दुसऱ्या वेळी काय बोलणं झालं ते आईला आठवत नव्हतं. मोठमोठ्या ग्रंथकारांच्या टीका मी या सात वचनांवर वाचल्यात, त्या दिराच्या एका वाक्यापाशी कुणी पोचलेलं दिसलं नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी सतरा वर्षांची होते. आजीची नजर अधू झालेली, पाठ मी वाचायची. खडी फोडून आलेली माणसं ओट्यावर आडवी व्हायची. त्या हंगामात मार्काचा सहावा अध्याय आला, पाच भाकरी आणि दोन मासळ्या. त्यात मार्क सांगतो की लोकांना हिरव्या गवतावर बसवलं, शंभर-शंभर, पन्नास-पन्नास जणांच्या पंगती करून. पोरांनी विचारलं, हिरवं गवत कुठलं? पंगतींचं कुणी विचारलं नाही, ते सगळ्यांना ठाऊक होतं. कामावर सुकडी वाटायची तीही अशीच, गँगा-गँगा करून बसवून. शेवटी बारा टोपल्या उरल्या असं मी वाचलं तेव्हा अंधारातून आवाज आला, “मुकादम नव्हता तितं, म्हनून उरल्या.” आजी इतकी हसली की तिला ठसका लागला. पणजी १९०० च्या दुष्काळात आईबाप गमावून नगरच्या मिशनच्या बोर्डिंगात आलेली पोर. भुकेवरचे विनोद आमच्या घरात वर्ज्य नव्हते.

वही १९७४ च्या मार्चात थांबते. मार्क अकरावा अध्याय, हजेरी ८. तरणी माणसं तोवर पुण्याला, पिंपरीला गेली होती. मीही आले.

आता मी दर गुरुवारी दुपारी आमच्या सोसायटीतल्या आणि आसपासच्या आठ-नऊ बायकांना घेऊन बसते. मार्कच. दोघी तिघी सत्तरीच्या, बाकी नोकरी करून थकलेल्या, एक तर लॅपटॉप उघडाच ठेवून बसते. फोनवर वचन ऐकायची सोय आहे, त्यामुळे पाठांतर कुणी करत नाही. मी सुचवून पाहिलं, सगळ्या गोड हसल्या. बाराची मर्यादा मात्र मी ठेवली आहे.

मागच्या गुरुवारी दुसऱ्या अध्यायाची पहिली बारा घेतली. वारं गेलेला माणूस, चौघं जण, दारात गर्दी, म्हणून ते छतावर चढून छत उकरतात आणि बाज खाली सोडतात. सगळ्यांत धाकटी, संगणकावर काम करणारी, म्हणाली, “काकू, पण छत कसं उकरतील? स्लॅब असेल ना?”

मग मला राहवलं नाही. मार्कानं ‘उकरून’ असाच शब्द घातलाय, तीच गोष्ट सांगताना लूक मात्र कौलांचं नाव घेतो, म्हणजे लूक कोकणातला आणि मार्क आपल्या नगरचा, असं मी म्हटलं. मग माळवद सांगितलं. तुळया, तुळयांवर लाकडी सर, त्यावर तुराट्या आणि तरवडाचा पाला, त्यावर चिखलाचा थर, वर पांढरी माती ओली करून चोपलेली. मधे धूर जायला साणं, कडेला पन्हाळ, बाहेरून जिना. पहिल्या वळवाआधी माती चोपली नाही तर घरभर गळती. आजी आम्हाला या पाठाच्या दिवशी शाळेच्या माळवदावर घेऊन चढायची आणि टाचेनं ठोकून विचारायची, इथं खणलं तर किती वेळ लागेल? गावात माळवदं दुरुस्त करणारा म्हातारा होता. तो हिशेब करून सांगायचा की बाजेएवढं भोक पाडायला चार माणसांना दोन घटका तरी हव्यात, आणि तोवर खाली बसलेल्यांच्या डोक्यावर अर्धा गाडा माती पडणार. “म्हणजे येशूच्या पण?” आम्ही विचारायचो. “त्याच्या पयल्यांदा,” म्हातारा म्हणायचा. “आनि मग ते बुजवलं कुनी, त्ये न्हाई लिवलं.”

त्या धाकटीनं लॅपटॉप मिटला होता. तिच्या आजीचं घर बीडकडचं, तिथं वरती असलंच काहीतरी होतं, लहानपणी त्यावर शेवया वाळत घालायचे, असं तिला आठवायला लागलं. दुसरीला साणं म्हणजे काय ते कळेना, तिला पाठकोऱ्या कागदावर काढून दाखवलं. तेवढ्यात साडेचार झाले, एकीची मुलं शाळेतून यायची होती, चहा राहून गेला. चौथ्या वचनापुढं आम्ही सरकलोच नाही. उरलेली आठ येत्या गुरुवारी.